फर्मवेअर अपडेटनंतर नेटवर्क प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतोय? या क्रमाने तपासा

प्रिंटर चालू आहे, हिरवा दिवा लागलाय, त्याच्या स्क्रीनवर 'रेडी' लिहिलंय, आणि कॉम्प्युटर मात्र 'ऑफलाइन' म्हणून अडून बसलाय. काल संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं. मध्ये घडलं ते एवढंच, की फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं. शाळेची कार्यालयं, सेतू केंद्रं, सीए आणि वकिलांची ऑफिसं अशा ठिकाणचे प्रिंटर मी सांभाळतो. तिथे हा प्रसंग वारंवार येतो, आणि दर वेळी समोरचा माणूस आधीच अर्धा दिवस ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) काढण्या-घालण्यात घालवून बसलेला असतो.

म्हणून पहिलीच विनंती: ड्रायव्हरला हात लावू नका. निदान आत्ता तरी नको. बदल प्रिंटरच्या आत झालाय, कॉम्प्युटरमध्ये नाही. तेव्हा तपासणीही प्रिंटरपासून सुरू करून कॉम्प्युटरकडे यायची. प्रिंटर राउटरला जोडलेला आहे का, कॉम्प्युटरला तो दिसतो का, विंडोज योग्य पत्त्यावर कागद पाठवतंय का, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हर. हा क्रम सोडला की एक बिघाड दुरुस्त करताना दुसरे दोन तयार होतात आणि मूळ कारण कुठलं हेच कळेनासं होतं.

एक सूचना आधीच देतो. या लेखात पत्ते, आज्ञा आणि मेनूंची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा.

## सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- प्रिंटरचा ॲडमिन पासवर्ड. कोणी बदलला नसेल तर तो बहुधा मशीनवरच असतो. ब्रदरच्या बऱ्याच मॉडेलच्या मागच्या स्टिकरवर 'पीडब्ल्यूडी' असं लिहून पुढे छापलेला असतो. एप्सनच्या नव्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा सीरियल नंबर हाच पासवर्ड असतो. काही मशीनमध्ये स्टिकर कार्ट्रिजच्या झाकणाच्या आत असतं, झाकण उघडून बघा.
- राउटरचं लॉगिन आणि वायफायचा पासवर्ड.
- प्रिंटरची यूएसबी केबल आणि एक लॅन केबल.
- ॲडमिन अधिकार असलेलं विंडोजचं खातं. ऑफिसमध्ये हे खातं अनेकदा एकाच माणसाकडे असतं, तो रजेवर नाही ना हे आधी बघा.
- आधीचं नेटवर्क कॉन्फिगरेशन पान, जर कोणी जपून ठेवलं असेल तर.
- वही आणि पेन. प्रत्येक बदलाआधी जुनी सेटिंग लिहून घ्या, किंवा मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा.

मशीन भाड्याचं असेल आणि दर कॉपीमागे पैसे देत असाल, तर पुढचं सगळं तपासा, पण रीसेट वगैरे काही करू नका. कॉपीचा काउंटर आणि विभागांचे कोड हा त्या पुरवठादाराच्या हिशोबाचा भाग असतो. त्यालाच बोलवा.

## १. अपडेट नेमकं कशाचं झालं ते ठरवा

प्रिंटरचं झालं, असं आपण धरून चालतो. पण इंटरनेट कंपन्या आपल्या राउटरचं फर्मवेअर रात्रीतून परस्पर बदलतात. शिवाय विंडोजचं महिन्याचं अपडेटही त्याच सुमाराला आलेलं असू शकतं. तिघांची लक्षणं सारखीच दिसतात, उपाय मात्र वेगळे.

ओळखायचं कसं? एकाच कॉम्प्युटरवरून प्रिंट जात नसेल आणि बाकीच्यांवरून जात असेल, तर दोष त्या कॉम्प्युटरचा. सरळ पाचव्या पायरीवर जा. कुणाचीच प्रिंट जात नसेल आणि वायफायवरची इतर उपकरणंही कुरकुर करत असतील, म्हणजे सीसीटीव्ही दिसत नाही, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन तुटलंय, तर राउटरवर संशय घ्या. बाकी सगळं ठीक आणि फक्त प्रिंटरच गायब असेल तर प्रिंटर.

## २. नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा आणि नीट वाचा

संपूर्ण कामातली ही सगळ्यात मोलाची पायरी आहे. स्क्रीन असलेल्या प्रिंटरवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा रिपोर्ट्स या मेनूत हे पान सापडतं. स्क्रीन नसलेल्यांवर 'आय' चिन्हाचं किंवा वायरलेसचं बटण काही सेकंद दाबून धरलं की छापलं जातं. बटणांची जोडी मॉडेलप्रमाणे बदलते, ती मॅन्युअलमध्ये बघा. पान छापलं गेलं याचाच अर्थ प्रिंटर म्हणून मशीन ठणठणीत आहे, निम्मी काळजी तिथेच मिटते.

आता पानावरच्या पाच ओळींखाली पेनाने रेघ ओढा: आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा प्रिंटरचा पत्ता), सबनेट मास्क, गेटवे (राउटरचा पत्ता), आयपी कुठून मिळाला ती पद्धत, आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरची मशीनची स्वतःची ओळख). वायफाय असेल तर नेटवर्कचं नावही.

आयपी ॲड्रेस वाचून काय कळतं ते असं:

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. प्रिंटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. म्हणजे राउटरशी बोलणंच झालेलं नाही. तिसरी पायरी करा.

०.०.०.०. इंटरफेसच बंद आहे. वायफाय बंद झालंय किंवा केबल नीट बसलेली नाही. काही प्रिंटरमध्ये लॅन केबल लावली की वायफाय आपोआप बंद होतं, आणि अपडेटनंतर कुठला इंटरफेस चालू राहील हे बदलू शकतं. नेटवर्क मेनूत जाऊन हवा तो चालू करा.

पत्ता बरोबर दिसतो, पण पूर्वीचा नाही. अपडेटनंतर सगळ्यात जास्त वेळा हेच झालेलं असतं. प्रिंटर रीस्टार्ट झाला आणि राउटरने त्याला नवा पत्ता दिला. किंवा पूर्वी कोणीतरी हाताने पत्ता भरून ठेवला होता आणि अपडेटने ती सेटिंग 'ऑटो' करून टाकली. कॉम्प्युटर अजून जुन्याच पत्त्यावर कागद पाठवतोय. चौथी पायरी झटकन उरकून पाचवीवर या.

पहिले तीन आकडे कॉम्प्युटरशी जुळत नाहीत. कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये सीएमडी (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. कॉम्प्युटर १९२.१६८.२९ च्या कुटुंबात आणि प्रिंटर १९२.१६८.१ च्या, असं असेल तर दोघं एकमेकांना दिसणार नाहीत. जिओफायबरचे राउटर सहसा १९२.१६८.२९ देतात, इतर बरेच राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० देतात. ऑफिसात दोन इंटरनेट जोडण्या असतील, एक मुख्य आणि एक पर्यायी, तर प्रिंटर अपडेटनंतर भलत्याच वायफायला जाऊन चिकटलेला असू शकतो. नेटवर्कचं नाव वाचण्याचं कारण हेच.

पत्ता जुनाच आहे, सगळं बरोबर दिसतंय. तरीही प्रिंट जात नसेल तर पाचव्या पायरीतला एसएनएमपीचा भाग आधी वाचा.

## ३. प्रिंटरला राउटरशी पुन्हा जोडा

केबलवर असेल तर केबल काढून पुन्हा लावा, पोर्टजवळचा छोटा दिवा लुकलुकतोय का बघा, आणि स्विचवरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा. त्यापलीकडे इथे फारसं काही नसतं.

वायफायवर मात्र अडचणी बऱ्याच आहेत.

बहुतेक घरगुती आणि लहान ऑफिसचे प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरच्या अपडेटनंतर २.४ आणि ५ ही दोन वेगळी नावं एकत्र झाली असतील, तर काही प्रिंटर गोंधळतात. राउटरमध्ये जाऊन २.४ ला पुन्हा वेगळं नाव द्या आणि प्रिंटर त्यालाच जोडा. कॉम्प्युटर ५ वर राहिले तरी चालतं, दोन्ही एकाच राउटरचे असतात.

दुसरं कारण सुरक्षेचं. डब्ल्यूपीए३ हा वायफाय सुरक्षेचा प्रकार २०१८ साली आला. त्याआधीच्या प्रिंटरना तो कळत नाही. राउटरच्या अपडेटने सेटिंग फक्त डब्ल्यूपीए३ वर नेली असेल तर जुना प्रिंटर 'पासवर्ड चुकीचा' म्हणत राहतो आणि माणूस तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतो. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. मिश्रवरही अडला तर निव्वळ डब्ल्यूपीए२ करून पाहा.

तिसरं म्हणजे गेस्ट नेटवर्क. गेस्ट वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. प्रिंटर किंवा लॅपटॉप यांपैकी एक जरी गेस्टवर असेल, तरी इंटरनेट चालेल पण प्रिंट जाणार नाही. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचा पर्याय चालू झाला असेल तर मुख्य वायफायवरही तसंच होतं. तो बंद करा.

आणि लॅपटॉपच्या वायफाय यादीत 'डायरेक्ट' ने सुरू होणारं नाव दिसलं तर त्याला जोडू नका. ते प्रिंटरचं स्वतःचं छोटं वायफाय असतं. त्यावरून प्रिंट निघते आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण ऑफिसचं नेटवर्क तुटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे करूनही जोडला जात नसेल तर प्रिंटरमधलं फक्त नेटवर्क रीसेट करा. फॅक्टरी रीसेट नाही. दोन्ही पर्याय मेनूत बहुधा शेजारी असतात. फॅक्टरी रीसेटने स्कॅनच्या ईमेलची यादी, फॅक्सचे क्रमांक, विभागांचे कोड सगळं पुसलं जातं, आणि शाळेच्या कार्यालयात ती यादी पुन्हा भरायला कोणाला बसवणार? प्रिंटरच्या वेब पानावर बॅकअप किंवा एक्सपोर्टचा पर्याय असेल तर आधी तो वापरा.

## ४. कॉम्प्युटरवरून प्रिंटरला हाक मारा

सीएमडी उघडा, 'पिंग' लिहून एक जागा सोडा आणि छापलेल्या पानावरचा पत्ता टाका. समजा पत्ता १९२.१६८.१.२५ आहे. तीनपैकी एक उत्तर येईल.

'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.२५' आणि पुढे वेळ मिलिसेकंदांत: रस्ता मोकळा आहे.

'रिक्वेस्ट टाइम्ड आउट': प्रिंटर उत्तर देत नाही. झोपेच्या मोडमध्ये असेल तर एक बटण दाबून जागा करा आणि पुन्हा पाहा. क्वचित एखाद्या प्रिंटरमध्ये पिंगला उत्तर देणंच बंद केलेलं असतं, म्हणून पत्ता ब्राउझरमध्ये टाकूनही बघा.

तिसरं उत्तर फसवं आहे: 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.७: डेस्टिनेशन होस्ट अनरिचेबल'. यात 'रिप्लाय' हा शब्द आहे, आणि खालच्या हिशोबात लॉस ० टक्के दिसतो. पण ओळ नीट वाचा. उत्तर २५ कडून आलेलं नाही, ७ कडून आलंय, आणि ७ म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर. तो सांगतोय, की मला या पत्त्यावर कोणीच सापडलं नाही. ही ओळ बघून 'पिंग जातंय हो' असं फोनवर सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि मग शोध भलत्याच दिशेला जातो.

आता एक उलटी चाचणी, जी फार कमी लोक करतात. प्रिंटर पूर्ण बंद करा, प्लग काढा, आणि पुन्हा पिंग करा. तरीही उत्तर येत असेल तर तो पत्ता दुसऱ्याच कुठल्या उपकरणाकडे आहे, बहुधा कोणाच्या तरी मोबाइलकडे. म्हणजे दोघं एकाच पत्त्यावर भांडतायत. 'कधी प्रिंट जाते, कधी जात नाही' या तक्रारीमागे अनेकदा हेच निघतं. उपाय दहाव्या पायरीत आहे.

पिंग जमल्यावर तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं स्वतःचं वेब पान उघडतं. अपडेटनंतर हे पान एचटीटीपीएसवर गेलं असेल तर ब्राउझर लाल इशारा दाखवतो, की जोडणी खाजगी नाही. प्रिंटरने स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्र वापरल्यामुळे तसं होतं. पत्ता तुमच्याच नेटवर्कमधला असल्याची खात्री करून 'ॲडव्हान्स्ड' मधून पुढे जा.

## ५. विंडोजचा पोर्ट तपासा

निम्म्याहून अधिक प्रकरणं इथेच मिटतात. पोर्ट म्हणजे विंडोज ज्या पत्त्यावर कागद पाठवतं त्याची नोंद.

सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तुमचा प्रिंटर, प्रिंटर प्रॉपर्टीज, आणि त्यातला 'पोर्ट्स' टॅब. ज्या ओळीवर टिक आहे ती वाचा.

तिथे जुना आयपी पत्ता दिसत असेल तर 'ॲड पोर्ट' दाबा, 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा, 'न्यू पोर्ट' करा आणि कॉन्फिगरेशन पानावरचा नवा पत्ता भरा. प्रकार 'रॉ', पोर्ट क्रमांक ९१००. मग टेस्ट पेज काढा.

पोर्टचं नाव 'डब्ल्यूएसडी' ने सुरू होत असेल तर विंडोजने तो प्रिंटर आपोआप शोधून जोडलेला आहे. ही सोय घरी ठीक आहे. ऑफिसात मी ती ठेवत नाही, कारण अपडेटने प्रिंटरमधला डब्ल्यूएसडी बंद केला किंवा विंडोजने नेटवर्कला 'पब्लिक' ठरवलं, की प्रिंटर दिसेनासा होतो. वरच्याप्रमाणे टीसीपी/आयपी पोर्ट बनवा आणि त्यावर टिक करा. प्रिंटर काढून पुन्हा जोडायची गरज नाही, नुसता पोर्ट बदलला तरी पुरतं.

एसएनएमपीची टिक. पत्ता बरोबर, पिंग जातंय, वेब पान उघडतंय, तरी विंडोज 'ऑफलाइन' म्हणतं, तेव्हा इथे बघा. प्रिंटर जिवंत आहे का हे विंडोज एसएनएमपी नावाच्या पद्धतीने विचारतं. सुरक्षेसाठी अनेक नवी फर्मवेअर एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्या बंद करतात. विचारणा होते, उत्तर येत नाही, आणि विंडोज त्याचा अर्थ 'प्रिंटर बंद आहे' असा लावतं. पोर्ट्स टॅबमध्येच 'कॉन्फिगर पोर्ट' उघडा आणि 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' समोरची टिक काढा. शाईची पातळी आणि कागद अडकल्याची सूचना कॉम्प्युटरवर कदाचित दिसणार नाही, छपाई मात्र सुरू होईल.

तरीही अडलं तर पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', पुढे प्रिंटरचा पत्ता आणि '-पोर्ट ९१००' असं चालवा. 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' पुढे 'फॉल्स' आलं तर प्रिंटरच्या वेब पानावर नेटवर्क प्रोटोकॉलच्या यादीत ९१०० चा पर्याय चालू आहे का ते बघा. तो मुद्दाम बंद ठेवायचा असेल तर आयपीपी ही छपाईची दुसरी पद्धत वापरा, तिचा पोर्ट ६३१.

## ६. अडकलेली रांग साफ करा

पोर्ट बरोबर झाला तरी दिवसभरात लोकांनी पुन्हा पुन्हा दाबलेल्या प्रिंट रांगेत अडकलेल्या असतात. 'सर्व्हिसेस' उघडा, 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हवरच्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसा (फोल्डर नाही, आतल्या फायली), आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. हे करण्याआधी ऑफिसात सर्वांना सांगा. नाहीतर वीस पानी दस्त दोनदा छापला जातो, किंवा कोणाचा तरी महत्त्वाचा कागद गायब होतो.

प्रिंटच्या रांगेच्या जुन्या पद्धतीच्या खिडकीत प्रिंटर मेनूखाली 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर टिक असेल तर ती काढा.

## ७. आता ड्रायव्हर

इथवर येऊनही प्रिंट निघत नसेल, किंवा निघते पण पानावर विचित्र अक्षरांची माळ येते, तर मात्र ड्रायव्हर. अशी माळ येणं म्हणजे कॉम्प्युटर एका भाषेत पाठवतोय आणि प्रिंटर दुसरी अपेक्षित धरतोय. प्रिंटर काढा, मग 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' मधल्या ड्रायव्हर्स टॅबमधून त्याचा ड्रायव्हरही काढा. नुसता प्रिंटर काढला तर विंडोज जुनाच ड्रायव्हर पुन्हा लावतं.

नवा ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. हे मी फार कळकळीने सांगतोय. प्रिंटरचं नाव आणि 'हेल्पलाइन' असं सर्च केलं की जाहिरातीत बनावट साइट आणि बनावट कस्टमर केअर नंबर येतात. तिथला माणूस गोड बोलून कॉम्प्युटरचा रिमोट ताबा मागतो, किंवा 'ड्रायव्हर ॲक्टिव्हेशन'चे पैसे मागतो. प्रिंटरच्या ड्रायव्हरला ॲक्टिव्हेशन नसतं. नंबर बॉक्सवरून, वॉरंटी कार्डावरून किंवा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या साइटवरूनच घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

## ८. प्रिंटर एका कॉम्प्युटरवरून शेअर केलेला असेल तर

बऱ्याच ऑफिसांत प्रिंटर एका मुख्य कॉम्प्युटरला जोडून बाकीच्यांना शेअर केलेला असतो. जोडताना शेवटी '११बी' असलेला एरर क्रमांक आला, तर त्यात फर्मवेअरचा दोष नाही. २०२१ च्या जुलैत प्रिंट स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' ही गंभीर त्रुटी उघड झाली, त्यानंतरच्या महिन्यांत विंडोजने शेअर प्रिंटिंगचे नियम कडक केले, आणि दोन कॉम्प्युटरपैकी एकच अद्ययावत असला की हा एरर यायला लागला. रजिस्ट्रीत बदल करून ही सुरक्षा बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो मानू नका. दोन्ही कॉम्प्युटर अपडेट करा. त्याहून बरं म्हणजे शेअरिंग सोडून द्या. प्रिंटर नेटवर्कवर आहेच, तर प्रत्येक कॉम्प्युटर पाचव्या पायरीप्रमाणे थेट त्याच्या पत्त्याला जोडा. मुख्य कॉम्प्युटर बंद असला म्हणून बाकीच्यांचं काम अडणार नाही.

मॅकवर प्रिंटर काढून आयपी टॅबमधून नव्या पत्त्याने जोडा, प्रोटोकॉल एअरप्रिंट किंवा आयपीपी. मोबाइलवर बहुतेक वेळा फोन आणि प्रिंटर एकाच वायफायवर आणणं एवढंच पुरतं.

## ९. प्रिंट निघते, पण स्कॅन जात नाही

प्रिंटिंग सुरू झाल्यावर सगळे निर्धास्त होतात आणि दोन दिवसांनी कोणीतरी म्हणतं, 'सर, स्कॅन फोल्डरमध्ये येत नाहीये.' याची कारणं वेगळी असतात.

फोल्डरमध्ये स्कॅन पाठवायला प्रिंटर एसएमबी ही फायली शेअर करायची पद्धत वापरतो. जुने प्रिंटर एसएमबी १ वर चालायचे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून. त्याच वर्षीच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते मुळात दिलेलं नसतं. अपडेटनंतर प्रिंटरच्या वेब पानावर एसएमबी २ किंवा ३ निवडता येतं का ते बघा. विंडोजमध्ये एसएमबी १ चालू करून काम भागवू नका.

नंतर खातं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्ड नसलेलं शेअरिंग चालत नाही म्हणून धरा. 'स्कॅन' नावाचं एक वेगळं लोकल खातं बनवा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डरवर फक्त त्यालाच लिहिण्याचा अधिकार द्या, आणि हेच नाव-पासवर्ड प्रिंटरमध्ये भरा. रोज लॉगिन करताना वापरता तो पिन इथे चालत नाही, नेटवर्कवर पासवर्डच लागतो. पत्त्यात कॉम्प्युटरच्या नावाऐवजी त्याचा आयपी टाकलात तर आणखी एक शंका कमी होते.

ईमेलवर स्कॅन जात नसेल तर सगळ्यात आधी प्रिंटरची तारीख आणि वेळ बघा. अपडेटनंतर घड्याळ मागे गेलं असेल तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं त्याला चुकीची वाटतात. जीमेल वापरत असाल तर साधा पासवर्ड २०२२ च्या मे अखेरीपासून चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड बनवा आणि तो भरा. पोर्ट ५८७, सुरक्षा टीएलएस.

## १०. पुढच्या अपडेटला हे पुन्हा होऊ नये म्हणून

प्रिंटरचा पत्ता कायमचा करा. प्रिंटरमध्ये हाताने भरण्यापेक्षा राउटरमध्ये राखून ठेवणं मला जास्त पटतं. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) विभागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे कॉन्फिगरेशन पानावरचा मॅक ॲड्रेस आणि हवा तो आयपी टाका, आणि प्रिंटर 'ऑटो' वरच ठेवा. प्रिंटरच्या अपडेटने त्याची सेटिंग मूळपदावर गेली तरी राउटर तोच पत्ता देईल, आणि दुसऱ्या कोणाला तो मिळणार नाही. केबल आणि वायफायचे मॅक ॲड्रेस वेगळे असतात. ज्यावर प्रिंटर चालतो तोच घ्या.

राउटरमध्ये ही सोय नसेल तरच प्रिंटरमध्ये हाताने भरा, तोही राउटर वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला २० द्या.

नवं कॉन्फिगरेशन पान छापून तारीख घाला आणि प्रिंटरच्या झाकणाखाली किंवा फाइलला लावून ठेवा.

ऑटोमॅटिक अपडेट ठेवावं की नाही? सुरक्षेच्या त्रुटी बुजवायला अपडेट लागतंच, त्यामुळे कायमचं बंद ठेवू नका. पण केव्हा करायचं ते तुम्ही ठरवा: प्रवेशाच्या हंगामात, आयटी रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात, मार्चअखेर नको. आधी कंपनीच्या साइटवर त्या आवृत्तीची माहिती वाचा. रीफिल किंवा दुसऱ्या कंपनीचे कार्ट्रिज वापरणाऱ्यांनी तर जरूर वाचावी. एचपीच्या 'डायनॅमिक सिक्युरिटी' असलेल्या प्रिंटरमध्ये एचपीची चिप नसलेले कार्ट्रिज अपडेटनंतर चालेनासे होऊ शकतात, हे कंपनी स्वतःच सांगते. शिवाय जुन्या आवृत्तीवर परतणं बऱ्याच मॉडेलमध्ये शक्य नसतं.

अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. आपल्या भागात देखभालीसाठी ज्या वारी वीज जाते, तो वार टाळा. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका. त्याचा फ्यूझर (टोनर कागदावर पक्का करणारा भाग) तापताना एकदम जास्त वीज खेचतो आणि यूपीएसच बंद पडतो. इंकजेटला तशी अडचण नाही.

## कंपनीला कधी बोलवायचं

कॉन्फिगरेशन पानच छापलं जात नसेल, प्रिंटर लोगोवर अडकून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत असेल, किंवा स्क्रीन निळी पडून कोड दाखवत असेल, तर वरचं काही करत बसू नका. कधीकधी फर्मवेअरच सदोष निघतं. २०२३ च्या मे महिन्यात एचपीच्या ऑफिसजेट ९०२० मालिकेतले बरेच प्रिंटर अपडेटनंतर ८३सी००००बी हा कोड दाखवत निळ्या स्क्रीनवर थांबले होते, आणि वापरणाऱ्याच्या हातात त्यावर काहीच इलाज नव्हता.

फोन करताना मॉडेल, सीरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती, अपडेट झाल्याची तारीख आणि स्क्रीनवरच्या कोडचा फोटो समोर ठेवा. यूएसबी केबल लावून प्रिंट निघते का तेही आधी बघून ठेवा, कारण समोरून तो प्रश्न येतोच. निघत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत एका कॉम्प्युटरला यूएसबीने जोडून ऑफिसचं काम चालू ठेवा, आणि तक्रार क्रमांक मशीनवर चिकटवा.